जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

भिवंडीचें नांव निघालें कीं यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. मुंबईच्या गिरण्यांनीं टाकून दिलेले माग येथील कारागिरांनीं वर्षानुवर्षें चालते ठेविले. मोडलेला भाग बाजारांत न मिळाल्यास तो लेथवर कातून घ्यावयाचा, हा या गांवचा शिरस्ता. आज ज्या विषयाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, त्यासहि हाच शिरस्ता लागू पडतो. तो विषय म्हणजे घरांत पडून राहिलेली वाडवडिलांची विलायती मोटार.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत जो कारखाना माल परदेशीं धाडील, त्यालाच पोलाद हातीं लागे. त्या काळीं निघालेली रायली गाडी उदाहरणादाखल घेऊं. १९४५ सालीं तिचें दीड लिटरचें व १९४६ सालीं अडीच लिटरचें इंजिन आलें. चार दारें, घरच्या मंडळींस ऐसपैस जागा, आणि मोठ्या इंजिनाच्या गाडीस ताशीं सुमारें नव्वद मैलांचा वेग! खालची चौकट पोलादी; परंतु वरच्या अंगाचा सांगाडा ॲश लांकडाचा, त्यावर पत्रा, व छतावर ताणलेलें कापड. छतांतून पाणी मुरलें कीं पत्र्याखालचें लांकूड कुजतें. कोंकणपट्टीच्या पावसांत तर हें भय दुप्पट. म्हणून अशा गाडीस प्रथम रंगारी नव्हे, तर जाणता सुतार दाखवावा. कुजक्या लांकडावर झगझगीत रंग चढविणें म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईस चुना फांसणें होय.

आपल्याकडे १९५३ नंतर सरकारनें देशांत मोटारी बनविणाऱ्यांनाच आश्रय दिला. परदेशी गाड्या व त्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले. तरीहि त्या गाड्या धांवत राहिल्या, त्या आपल्या मिस्त्रींच्या हातांच्या बळावर. ही विद्या पुस्तकांत नाहीं. ती एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते. गाडी भंगारांत गेली कीं ती शिकण्याचें एक साधनहि गेलें.

एकत्र कुटुंबांत मोटार सर्वांची, म्हणून कोणाचीच नसते. आणि वांटणीच्या वेळीं पत्र्याच्या वजनावर विकली जाते. तसें करण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीची नोंदणी ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकानें दहा वर्षांकरितां होते. ती नित्याच्या वापरास वा धंद्यास चालत नाहीं. प्रदर्शन, संचलन, दुरुस्ती व इंधन भरणें यांपुरतीच रस्त्यावर आणतां येते. खर्च वाचविण्यासाठीं मूळ इंजिन काढून डिझेलचें बसविणाऱ्यांनीं याचा विचार करावा. पैठणीचा विरलेला काठ आपण त्याच जातीच्या धाग्यानें रफू करितों. येथेंहि तोच न्याय. मात्र जेथें अपाय आहे तेथें बदल केलाच पाहिजे. हल्लींच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. त्यानें जुन्या रबरी नळ्या व पंपांतील पडदे खराब होतात. ते नव्या, योग्य रबराचे घालावे.

आमची सूचना इतकीच : काढलेला प्रत्येक भाग, मोडका असला तरी, नमुन्यासाठीं जपून ठेवावा, घरांतील वडील मंडळींस आठवतें तें टिपून घ्यावें, आणि सुतार-मिस्त्री काम करीत असतां घरच्या मुलामुलींना त्यांच्याजवळ उभें करावें. गाडी सुरू होईल तेव्हां होवो; परंतु ज्या हातांनीं ती सुरू होते, त्यांची ओळख तरी पुढच्या पिढीस झालीच पाहिजे.