युद्धकैद्यांचे श्रम आणि दिल्लीचा धडा

नवी दिल्ली – युद्धकैद्याला जिवंत ठेवणे ही त्याला पकडणाऱ्या राष्ट्राची जबाबदारी. परंतु त्याच्या श्रमावर हक्क कोणाचा? दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न दिल्लीच्या दारात उभा राहिला होता. त्याचे उत्तर मात्र लंडन आणि कॅनबेरा यांच्या सोयीने ठरले.

१९४०-४१ च्या हिवाळ्यात जनरल वेव्हेल यांच्या फौजांनी उत्तर आफ्रिकेत सुमारे १ लाख ३० हजार इटालियन सैनिक पकडले. इजिप्तमध्ये त्यांना पोसणे अवघड होते, शिवाय रोमेलची चढाई सुरू झालेली. साहजिकच साम्राज्याच्या कोठाराकडे, म्हणजे हिंदुस्थानकडे बोट दाखवण्यात आले. ६० हजारांहून अधिक इटालियन कैदी येथे आणले गेले. योल, डेहराडून, भोपाळजवळील बैरागढ, रामगढ, बंगळूर येथे त्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. योगायोग असा, की वेव्हेल स्वतःच १९४१ च्या मध्यास सरसेनापती म्हणून दिल्लीत आले आणि १९४३ च्या ऑक्टोबरात व्हाइसरॉय झाले.

शेतमजुरांची वाण नसलेल्या या देशात कैद्यांच्या श्रमाला फारशी मागणी नव्हती. ऑस्ट्रेलियाची स्थिती नेमकी उलटी होती. तेथील तरुण सैन्यात गेले होते आणि पॅसिफिकमधील अमेरिकी फौजांच्या अन्नाचा भारही त्या देशावर पडला होता. तेव्हा हिंदुस्थानातील छावण्यांमधून इटालियन कैदी जहाजांनी तिकडे धाडण्यात आले. ऑस्ट्रेलियात पोचलेल्या इटालियन कैद्यांची एकूण संख्या १८ हजारांच्या घरात गेली. त्यांपैकी अनेकांना पहाऱ्याविना थेट शेतकऱ्यांच्या घरी ठेवले जाई. शेतकरी सरकारला आठवड्याला १ पौंड भरत. कैद्याच्या हाती त्याचा अल्प हिस्सा पडे.

कायद्याचा आधार होताच. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार अधिकारी वगळता धडधाकट कैद्यांना कामाला लावता येत असे. मात्र त्या कामाचा युद्धकार्याशी थेट संबंध नसावा, अशी अट होती. शेती या चौकटीत बसत असे. पण खरी मेख पुढेच आहे. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शस्त्रसंधी जाहीर झाली आणि पुढील महिन्यात तोच देश जर्मनीविरुद्ध लढू लागला. तरीही कैदी कैदीच राहिले. ऑस्ट्रेलियातील बहुतेकांना घर दिसले ते १९४६-४७ मध्ये. शत्रुत्व संपले, पण श्रमाची गरज संपली नव्हती, हेच याचे सरळ कारण.

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराने या पळवाटांना बांध घातला. शेतीकामाला परवानगी कायम राहिली. परंतु वाजवी मोबदला बंधनकारक झाला. कैदी दुसऱ्या राष्ट्राकडे सोपवला, तरी सोपवणाऱ्याची जबाबदारी पुरती संपत नाही, हे स्पष्ट झाले. प्रत्यक्ष लढाई थांबताच विनाविलंब सुटका करावी, असेही ११८ व्या कलमाने बजावले.

हेच कलम पुढे स्वतंत्र भारतापुढे उभे ठाकले. १९७१ च्या युद्धातील सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी व नजरकैदी भारताच्या ताब्यात होते. येथे वाद श्रमाचा नव्हता, सुटकेच्या मुहूर्ताचा होता. ढाक्यातील शरणागती भारत व बांगलादेशच्या संयुक्त कमानीपुढे झाली असल्याने बांगलादेशच्या संमतीविना निर्णय नाही, ही दिल्लीची भूमिका होती. अखेर २८ ऑगस्ट १९७३ रोजी दिल्ली करार झाला आणि एप्रिल १९७४ मध्ये परतपाठवणी पूर्ण झाली. पहिल्या प्रसंगी कैदी हे मनुष्यबळ ठरले, दुसऱ्या प्रसंगी वाटाघाटीतील वजन. दोन्हीकडे लढाई थांबल्यानंतरही त्यांची उपयुक्तता टिकून होती.

२०२४ मध्ये रशियन सैन्यात अडकलेल्या भारतीयांच्या सुटकेसाठी दिल्लीला मॉस्कोकडे शब्द टाकावा लागला. परक्यांच्या युद्धात आपले नागरिक सापडतात तेव्हा कलमांची खरी किंमत कळते. ती कलमे आपल्या ताब्यातील कैद्यांबाबत ज्या काटेकोरपणे पाळली जातील, तितक्याच अधिकाराने ती इतरांपुढे ठेवता येतील.