गिअर पोटात असावेत

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. त्यामुळे कॉलेजसाठी सायकल कोणती घ्यावी हे सांगणारेही घरात कोणी नव्हते. अण्णा द्राक्षबागेत मजुरीला जातात; त्यांची साधी काळी सायकल वीस वर्षे तेलाच्या चार थेंबांवर चालली आहे. मला मात्र गिअरची हवी होती, आणि ती काही हौस नव्हती. आमची वस्ती गंगापूर गावाच्या पलीकडे, कॉलेजपासून दहा किलोमीटरवर. सकाळी मी गोदावरी वाहते त्याच दिशेने येते, म्हणजे उताराने. परतताना चढ, आणि पावसाळ्यात पश्चिमेचा वारा थेट तोंडावर!

दुकानात एकवीस गिअरांची सायकल मिळाली. पुढे तीन चक्रे, मागे सात, आणि साखळीला एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा डिरेलर मागच्या चाकापाशी लोंबकळणारा. टोमॅटोचा हंगाम आला की गिरणाऱ्याकडच्या गाड्यांनी रस्त्यावर चिखल होतो. ती काळी माती डिरेलरच्या बारक्या चाकांत बसली की साखळी उड्या मारू लागते. त्यातच ऑगस्टमध्ये स्टँडवर कुणाची तरी सायकल माझ्या सायकलीवर पडली आणि डिरेलर वाकून तारांत गेला. दुरुस्तीत अण्णांची दोन दिवसांची मजुरी गेली आणि माझी चार दिवसांची हजेरी. ओढणीची कथा आणखी वेगळी. साखळी पूर्ण झाकणारे कव्हर अशा सायकलीला बसतच नाही.

वास्तविक गिअर चाकाच्या आतही असू शकतात. बैलगाडीच्या चाकाला तुंबा असतो तसा सायकलला हब. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला १९०२ साली स्टर्मी-आर्चरने तीन गिअर या हबच्या पोटात बसवले. मध्ये एक दातेरी चक्र, त्याभोवती फिरणारी लहान चक्रे आणि सर्वांना वेढणारे एक कडे. सूर्य आणि ग्रह म्हणा ना. त्यांच्या पुढे गाजलेल्या हबमध्ये मधला गिअर सरळ, खालचा पाव हिश्शाने हलका, वरचा तिसऱ्या हिश्शाने जड. साखळी एकाच रेषेत राहते, म्हणून पूर्ण कव्हर बसते. उभ्या उभ्या गिअर बदलता येतो. अशोक स्तंभाच्या गर्दीत अडकून पाहिलेल्यांना याचे मोल सांगायला नको. हॉलंडात रोजच्या सायकलींना असे हब सर्रास असतात.

डिरेलर वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. तो हलका आहे, स्वस्त आहे, आणि स्वच्छ असेल तर ताकद कमी वाया घालवतो. आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. तसल्या कामाला डिरेलरच हवा. (गंमत म्हणजे फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीत १९३७ पर्यंत त्याला बंदी होती!) पण शर्यतीचे हत्यार रोज पोटासाठी आणि शिक्षणासाठी पायडल मारणाऱ्यांच्या गळ्यात का? एकवीसपैकी मी वापरते तीन. बाकीचे बहुतेक एकमेकांच्या जवळपासचेच आहेत.

हबवर आक्षेप असा की पंक्चर झाल्यावर चाक काढणे किचकट. पण आपला पंक्चरवाला चाक काढतो कधी? टायर एका बाजूने उचकटून ट्यूब बाहेर ओढतो आणि तिथेच ठिगळ लावतो. खरा आक्षेप आमच्या मिस्त्रीकाकांचा. ते म्हणाले, "पोरी, ते बंद डबं इथं उघडणार कोण? आणि त्याचा माल आणायचा कुठून?" यावर मी निरुत्तर झाले, हे कबूल करते. तरी मनात येतेच : मोटारसायकलचे गिअर कोणी चिखलात लोंबकळत ठेवत नाही, आणि ती बंद पेटी उघडायला हेच काका शिकले. मागणी नाही म्हणून माल नाही, माल नाही म्हणून मिस्त्री नाही, आणि मिस्त्री नाही म्हणून आमच्यासारख्यांची मागणी नाही. हे चक्र फिरवायचे तर सुरुवात दुकानदारानेच करावी, कारण चुकीच्या सायकलीवर पुन्हा पैसे घालण्याची ऐपत त्याच्यापेक्षा अण्णांची कमी आहे.

जुन्या बाजारात तीन गिअरांच्या हबची एखादी रॅले आली तर बाजूला ठेवा, असे काकांना सांगून ठेवले आहे. तोवर त्यांनी माझा डिरेलर मधल्या चक्रावर आणून ठेवला आहे आणि बजावले आहे, "आता त्या खटक्याला हात लावू नको." एकवीस गिअरांची माझी सायकल सध्या एकाच गिअरवर चालते. अण्णा रोज विचारतात, "मग माझीच काय वाईट होती?"