गोल कण, टोकदार कण

परवा भाचा घरी आला तो जरा घुश्शातच. भोसरीला त्याचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे यंत्रांच्या भागांवर प्लाझ्मा स्प्रेनं झिर्कोनियाचा उष्णतारोधक थर चढवतात.

"मावशी, थर कुठे जाड, कुठे पातळ! अख्खा लॉट परत आला. त्या ऑपरेटर पोराचा पगारच कापतो."

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, मला यातलं काय कळणार? तरी विचारलं, "नवीन काही केलंस का रे?"

"छे! पूड तेवढी दुसरीकडून घेतली, स्वस्तात. घटक तेच, कणांची जाडीही तीच."

मग त्यानंच समजावलं. ही पूड आर्गॉन वायूबरोबर नळीतून १०,००० अंशांहून तापलेल्या झोतात जाते. कण वितळतात आणि पृष्ठभागावर चपटे होऊन बसतात. आधीचे कण गोल होते. नवी पूड वितळवून, थंड करून भरडलेली, म्हणजे टोकदार.

मी स्वयंपाकघरातून नरसाळं आणलं. मोहरी ओतली, सळसळत गेली. लापशीचा रवा ओतला, तो अडला. ठोकल्यावर भसकन पडला. भाचा गप्प!

टोकदार कण एकमेकांत अडकतात. पूड धक्क्याधक्क्यानं जाते, थर असमान होतो आणि एकदम जास्त पूड आली की काही कण अर्धकच्चेच राहतात. याची साधी चाचणी असते म्हणे. २.५ मिलिमीटर भोकाच्या नरसाळ्यातून ५० ग्रॅम पूड किती सेकंदांत उतरते ते बघायचं, बस्स. ती कुणी केलीच नव्हती.

टोकदार पूड वाईट असं नाही हं. ती सर्रास वापरतात, पण फीडर तिच्याप्रमाणे लावून घ्यावा लागतो. आणि फार बारीक असेल तर गोल पूडसुद्धा चिकटून बसते.

माझं म्हणणं एवढंच, की पूड ज्यानं निवडली त्यानं ती तपासावी. यंत्रापाशी उभा असलेला माणूस सर्वांत आधी दिसतो, म्हणून दोष त्याच्या माथी मारू नये. मीही एका मुलाला फळ्यावरचं चुकीचं उतरवतो म्हणून वर्षभर रागावले होते. त्याला फळा नीट दिसतच नव्हता, हे फार उशिरा कळलं. ते अजून सलतं.

असो. त्या पोराचा पगार कापला की नाही, हे विचारायचं राहिलं. आज रात्री फोन करणार आहे.