संगणक शिकलो, पण पीकपेरा कोराच!

शेतकरी बांधवांनो आणि गावकारभाऱ्यांनो, मी कुणी तज्ज्ञ नाही. कोरडवाहू कास्तकाराचा मुलगा, शिक्षणासाठी जुन्या जालन्यात खोली करून राहतो. तीन महिने संगणकाच्या क्लासला गेलो, परीक्षा पास झालो, सर्टिफिकेट हाती आले. तेवढ्यासाठी काही लिहायला बसलो नसतो. पण त्याच काळात आमच्या घरात एक गोष्ट घडली. ती तुमच्या घरात घडू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला आठवडा गेला तो माऊस धरण्यातच. तिफणीची ओळ सरळ काढणारा हात इथे थरथरायचा. मग आले मराठी टायपिंग. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ‘पर्जन्यमान’मधला रफार जमायला मला दोन दिवस लागले! हळूहळू अर्ज लिहिणे, हिशेबाचा तक्ता करणे, इंटरनेटवर माहिती शोधणे हे सगळे जमू लागले. वाटले, आपण आता शहाणे झालो.

दिवाळीनंतर वडील कापूस विकायला निघाले. हमीभावाच्या खरेदीला सातबारा लागतो, त्यावर कापसाची नोंद लागते. सातबारा काढला तर पिकाचा रकाना कोरा! वडील म्हणाले, “आरं, तलाठी लिहितेत की दरवर्षी.” पण ते दिवस गेले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद आपणच शेतात उभे राहून, मोबाईलवर फोटो काढून करायची, अशी ही पद्धत. तिला मुदत असते आणि आमची मुदत केव्हाच टळली होती. शेवटी कापूस व्यापाऱ्याला घालावा लागला, हमीभावापेक्षा कमी दराने. अडला हरी, दुसरे काय!

त्या रात्री मला झोप आली नाही. वडिलांचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. चुकले माझे. रोज दोन तास संगणकापुढे बसणारा पोरगा घरात असून त्याने एकदाही बापाच्या सातबाऱ्याकडे पाहिले नाही. क्लासमध्ये ‘माझा आवडता खेळाडू’ यावर निबंध टाईप केला, पण गट नंबर टाकून आपली जमीन कशी पाहायची, हे ना कुणी शिकवले, ना मी विचारले.

आता मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. ‘महाभूलेख’वर सातबारा फुकट पाहता येतो, पण तो फक्त माहितीपुरता. कामाला लागतो तो डिजिटल सहीचा सातबारा. १ मे २०१८ पासून तो सुरू झाला. पंधरा रुपये भरले की निघतो, त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. दोन्हींतला फरक ठाऊक नसला की हेलपाटा ठरलेला.

दुसरे, ओटीपी आणि पासवर्ड म्हणजे घराची किल्ली. आपण ती बिनदिक्कत दुसऱ्याच्या हाती देतो, कधी कधी मोबाईल नंबरसुद्धा त्याचाच टाकून येतो. मग पुढचा निरोप आपल्याला कसा मिळणार? सेवा केंद्रावर जाऊ नका असे माझे म्हणणे नाही. जा, पण नंबर आपला द्या आणि पावती मागून घ्या.

काहीजण म्हणतील, शेतात रेंज नाही, अॅप मधेच अडकते, शिकून काय उपयोग? ही तक्रार खरी आहे. पण ज्याला अॅप येते, तोच ते कुठे अडकले हे सांगू शकतो. ज्याला येत नाही, त्याची तक्रारही कोरीच राहते.

गावकारभाऱ्यांना माझी एक विनंती आहे. हे काम नवे नाही. १९९८ साली कोल्हापूरकडे वारणा परिसरात सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रयोग झाला होता. २००१ पासून एमएस-सीआयटी सुरू आहे, म्हणजे गावोगावी संगणक शिकलेली पोरे आहेत. ती कामाला लावा. खरिपाच्या पाहणीआधी ग्रामपंचायतीत एक दुपार ठेवा. तलाठ्यांनी मुदत सांगावी, पोरांनी एकेका कास्तकाराजवळ बसून मोबाईल त्याच्याच हातात ठेवून दाखवावे. पोरानेच बटन दाबले तर बाप पुढच्या वर्षी पुन्हा पोराचीच वाट पाहील.

आणि माझ्यासारख्या विद्यार्थी मित्रांनो, पहिला धडा घरचा गिरवा. आज घरी गेलात की आपला सातबारा उघडा. नाव बरोबर आहे का, क्षेत्र जुळते का, पिकाचा रकाना भरला आहे का, एवढे बघा.

गेल्या खरिपात वडील स्वतः बांधावर उभे राहिले. फोटो दोनदा हलला. तिसऱ्यांदा नीट आला. मी बाजूला हाताची घडी घालून उभा होतो. आपला हात जगन्नाथ म्हणतात, तो असा.