‘अनुभवी वकील’ म्हणजे नेमका कोणाचा अनुभव?

ॲट्रॉसिटीचा खटला उभा राहिला की फिर्यादीचे नातेवाईक पहिल्यांदा विचारतात, "वकील अनुभवी आहे ना?" प्रश्न रास्त आहे. पण जिल्हा न्यायालयाच्या बार रूममध्ये वीसेक वर्षे काढल्यावर सांगतो, ‘अनुभवी’ म्हणताना आपल्याही डोळ्यांसमोर एक आडनावच असते. वडिलांचे चेंबर, मामा न्यायाधीश, भिंतभर कायद्याची पुस्तके. मी खून चालवले, दिवाणी दावे चालवले, अपघाताचे दावे चालवले. तरी अजून विचारणा होते, "तुम्ही फक्त ॲट्रॉसिटीच बघता ना?"

आता कायदा काय म्हणतो ते बघा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५ नुसार विशेष सरकारी वकील नेमायचा तर किमान सात वर्षांची वकिली हवी. आडनावाची अट नाही. १९९५ च्या नियमांतला नियम ४ त्याहून पुढे जातो: या वकिलांच्या कामाचा आढावा वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यायचा, आणि पीडितांची इच्छा असेल तर जिल्हा दंडाधिकारी त्यांच्यासाठी नामवंत ज्येष्ठ वकील लावू शकतो, फी सरकारने द्यायची. माझ्याकडे आलेल्या किती कुटुंबांना हे कुणी सांगितले होते? एकालाही नाही. मी मात्र सरतपासणीच्या दिवशी सकाळी फाईल उघडणारे सरकारी वकील पाहिलेत. फिर्यादीचे नावही नीट घेता येत नव्हते. कागदावर त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त होता, हे मान्य करतो.

वकील बदलला की काय होते, हे तमिळनाडूत दिसले. जून २०१५ मध्ये गोकुळराज हा दलित अभियांत्रिकी विद्यार्थी मैत्रिणीबरोबर तिरुचेंगोडच्या मंदिरात गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वेरुळांवर सापडला. मैत्रीण गौंडर जातीची, आरोपी युवराज जातीय संघटनेचा नेता. नामक्कलच्या कोर्टात मुख्य साक्षीदार फितूर झाली. खटला तिथेच संपायचा. पण आई चित्रा गप्प बसल्या नाहीत. खटला मदुराईला हलवला गेला, भवानी बा. मोहन विशेष सरकारी वकील म्हणून आले आणि मंदिरातल्या सीसीटीव्हीचे चित्रण पुराव्याचा कणा बनले. मार्च २०२२ मध्ये युवराजसह दहा जण दोषी ठरले. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने युवराजची जन्मठेप कायम ठेवली. फितूर साक्षीदार असतानाही खटला कसा उभा ठेवायचा, हे सत्र न्यायालयात झिजलेल्या माणसालाच जमते.

आणि या झिजण्याची किंमत? ज्येष्ठ वकिलाचा गाऊन देताना २०१७ नंतर गुण मोजले जात, त्यातला मोठा वाटा निकालांचा. सत्र न्यायालयातली उलटतपासणी कुठल्या रिपोर्टात छापून येते हो? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती गुणपद्धत बंद केली आणि जिल्हा न्यायालयातल्या वकिलांचाही विचार व्हावा, त्यांचे काम कमी दर्जाचे नाही, असे म्हटले. चांगले झाले. पण आता निर्णय न्यायाधीशांच्या मतावर. आणि त्या बाकावर आपली माणसे किती, ते मोजायला कॅलक्युलेटर लागत नाही.

बाबासाहेबांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. ग्रेज इनचे बॅरिस्टर, दोन डॉक्टरेटचा अभ्यास, तरी सॉलिसिटर त्यांच्याकडे कामे पाठवायला तयार नव्हते. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ खटल्याच्या अपिलात त्यांनी पुण्याच्या सत्र न्यायालयात जेधे-जवळकरांची सुटका करून घेतली. त्या वेळी त्यांच्या वकिलीला सात वर्षेही झाली नव्हती.

म्हणून पुढच्या वेळी कुणाच्या घरी अत्याचार झाला, तर पोस्टमॉर्टेमच्या दिवशीच जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या: नियम ४, उपनियम ५. आम्हाला अमुक वकील हवा. नाव लिहा. आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.