श्रेयांकांची शिल्लक

सोलापुरास सात रस्त्यावर राहणारे एक आजोबा विचारतात : नातू दुसऱ्या वर्षींच महाविद्यालय सोडून पुण्यास, ‘प्रभात’च्या जुन्या आवारांतील फिल्म इन्स्टिट्यूटमध्यें दिग्दर्शन शिकूं म्हणतो, मिळविलेले श्रेयांक तिकडे वळते होतील काय? २०२१ पासून श्रेयांकांची पेढी निघाली आहे व तींत ते ७ वर्षांपर्यंत शिल्लक राहतात, हें खरें. पण ते धरावेत कीं नाहीं, हें घेणाऱ्या संस्थेच्या हातीं. शिवाय तेथील ३ वर्षांच्या दिग्दर्शनाच्या अभ्यासक्रमास मुळांत पदवीच लागते. शाखा कोणतीहि चालते. तेव्हां नातवानें ती आधीं पदरांत पाडावी, असें आम्हांस वाटतें. करमाळ्याकडचे नागराज मंजुळे मराठींत एम. ए. होऊन मगच माध्यमविद्या शिकावयास गेले. आजोबांनीं मात्र ‘सिनेमा’ या शब्दासरशीं कपाळास आठ्या घालूं नयेत. प्रवेशपरीक्षेची फी तेवढी आनंदानें भरावी.