कोसळलेल्या संगणकाचा पंचनामा

बालमित्रांनो, मानपाड्याच्या नाक्यावर अपघात झाला, की पोलीसकाका आधी पंचनामा करतात. पुरावाच हलला, तर कारण कसं कळणार?

संगणकाचंही तसंच! त्याचा मुख्य कारभारी म्हणजे कर्नल. तो कोसळला, की आपण बटण दाबून संगणक पुन्हा सुरू करतो आणि स्मृतीतला पुरावा पुसला जातो. म्हणून २००५ साली लिनक्समध्ये 'केडम्प' ही सोय आली. ती घडवणाऱ्यांत भारतीय अभियंतेही होते. यात स्मृतीचा एक कोपरा आधीच राखून ठेवतात. तिथे दुसरा कर्नल तयार असतो. पहिला कोसळताच हा जागा होतो आणि पहिल्याची स्मृती डिस्कवर उतरवून घेतो. मग तज्ज्ञ त्यातून चूक शोधतात.

तुमचं गणित चुकलं, तर लगेच खोडरबर फिरवू नका. आधी पंचनामा करा बरं!